लॅकरचा पाळणा

थिनरचा वास मला येत नाही. सिल्वासाला आलो तेव्हा पहिलं वर्षभर यायचा. डोकं भणभणायचं, जेवणाचा डबा उघडला की भाजीलाही तोच वास. मग केव्हातरी तो यायचा थांबला. मला वाटलं, सवय झाली, सुटलो एकदाचा.

सिल्वासाजवळच्या सायली गावात एका लाकडी सामानाच्या कारखान्यात मी स्प्रेचं काम करायचो. टीव्हीची शटरवाली कपाटं, घड्याळांच्या चौकटी, नक्षीचे टीपॉय असा माल तिथून निघायचा. सुतार बनवायचे, घासणारे घासायचे आणि शेवटी तो माझ्याकडे यायचा. आधी लाकडाची छिद्रं बुजवणारा सीलर, पुन्हा घासणं, मग लॅकरचे पातळ हात एकावर एक, प्रत्येक हात पुरता वाळू देऊन. लाकडात तोंड दिसायला लागलं की शेठ लांबूनच मान हलवायचे. त्या मान हलवण्यावर मी बरीच वर्षं काढली.

धाकटी बहीण पहिल्या बाळंतपणाला माझ्याकडे आली, तेव्हा आम्ही सिल्वासातच, टोकरखाडा भागात दोन खोल्यांत राहत होतो. आई-वडील गेले होते, धुळ्याकडच्या घराला कुलूप होतं. तिचं माहेर म्हणजे त्या दोन खोल्याच. सासर वापीचं. माणसं वाईट नव्हती, पण तिच्या माहेरात काही नाही हे सणावाराला सासू बोलून दाखवायची. बहिणीने मला हे कधी सांगितलं नाही. तिने माझ्या बायकोला सांगितलं आणि बायकोने मला.

तिने एकच गोष्ट मागितली. "दादा, बारशाला तुझ्या हातचा पाळणा हवा. त्या कपाटांसारखा चकाकणारा." पाळणा बाजारातही मिळाला असता. तिला सासूसमोर बोट दाखवायला माहेरची एक वस्तू हवी होती. मी लगेच हो म्हणालो.

शेठने उरलेलं सागवान दिलं. आमच्यातल्या एका सुताराने सांगाडा जोडून दिला, कठड्यावर दोन पोपट कोरले. त्यानंतर तो सांगाडा कारखान्याच्या कोपऱ्यात तसाच पडून राहिला. सणाचा माल निघायचा होता, डबल शिफ्ट चालू होती. उद्या करू, रविवारी करू, असं करत मी त्याच्या समोरून रोज घरी जायचो. मुलगी झाली, पेढे वाटले, तरी पाळणा कोराच. बारसं चार-पाच दिवसांवर आलं तेव्हा मी स्प्रेची गन हातात घेतली.

बाहेर पावसाची झड होती. दमट हवेत लॅकर मारलं की ते पांढरं पडतं, काचेवर कुणी फुंकर मारावी तसं. अशा वेळी हात आवरायचा आणि उन्हाची वाट बघायची, हे मला दुसऱ्या कुणी शिकवायची गरज नव्हती. पण शिफ्ट संपवून उभा होतो, पाय दुखत होते, आणि हे काम एकदाचं डोक्यावरून उतरावं एवढंच मनात होतं. मी वरून भरपूर थिनर घातलेला हात मारला. पांढरेपणा विरला, चकाकी आली. त्यावर लगेच दुसरा, दुसऱ्या दिवशी आणखी दोन. असं केलं की वरचा थर मिटतो आणि आतला ओलाच राहतो. भाकरी वरून करपावी आणि आत कच्ची राहावी, तसं.

माल हलवायच्या आधी खालच्या बाजूला, दिसणार नाही अशा जागी नख दाबून पाहायचं, असा आमच्याकडे नियम होता. खूण उमटली तर माल थांबवायचा. मी नख दाबलं नाही. उमटली असती तर थांबावं लागलं असतं.

टेंपोतून पाळणा घरी आणला. बायकोने पदर नाकाला लावला. डोळे झोंबताहेत, म्हणाली. मी पाळण्यात डोकं घालून वास घेतला.

"मला तर काही येत नाही," मी जरा चिडूनच म्हणालो.

"तुम्हाला येणार कसा?"

बहीण बाळाला घेऊन भिंतीशी बसली होती. ती म्हणाली, "दादा म्हणतोय तर वाळला असेल." त्यावर बायको आतल्या खोलीत निघून गेली. 

बारशाच्या दिवशी बायकोने झेंडूच्या माळा लावल्या, पाळण्याखाली धूप ठेवला. वापीची मंडळी आली. बहिणीच्या सासूबाईंनी पोपटावरून हात फिरवला, कठड्यात आपला चेहरा पाहिला आणि म्हणाल्या, "काम मात्र सुरेख आहे हो." बहिणीने माझ्याकडे पाहिलं. तेवढ्या एका क्षणासाठी तिने तो पाळणा मागितला होता, आणि तो तिला मिळाला.

मग बायकांनी गोविंद घ्या, गोपाळ घ्या म्हणत बाळाला खालून-वरून दिलं-घेतलं. आत्याने कानात नाव सांगितलं. बाळाला आत निजवून पाळणागीत सुरू झालं. पहिल्याच कडव्याला बाळ शिंकलं. पुन्हा शिंकलं. मग रडायला लागलं. त्या रडण्यात मधेच श्वास अडकत होता, डोळे लाल झाले होते. मी दारात उभा होतो. लॅकर ओलं आहे, तिला उचला, एवढंच बोलायचं होतं. मी बोललो नाही. गाणं संपतच आलंय, असं काहीतरी मनाशी म्हणत राहिलो.

बहीण पाटावरून उठली आणि तिने बाळाला उचललं. दुपटं तळाला चिकटलं होतं, ते चर्रकन सुटून आलं. खाली लॅकरवर त्याची सगळी वीण उमटली होती.

सासूबाई म्हणाल्या, "मामानं पाळणा बघायला दिलाय का निजायला?"

बायका हसल्या. बहीण बाळाच्या पाठीवर थोपटत म्हणाली, "नाही हो आई. दादानं सांगितलं होतं, अजून पंधरा दिवस वापरू नकोस म्हणून. मलाच घाई."

"आई झालीस, आता तरी अक्कल येऊ दे."

ती मान खाली घालून उभी राहिली. कुणीतरी माझ्याकडे पाहिलं, आणि मी मान डोलावली. खरंच डोलावली, जणू मी तसं बजावलं होतं. बायकोने आढ्याच्या कडीला जुन्या लुगड्याची झोळी बांधली. उरलेलं गाणं त्या झोळीशी म्हटलं गेलं.

जेवणं उरकून मंडळी दुपारीच परतली. पाळणा मी बाहेर गॅलरीत ओढून ठेवला होता. बहिणीला म्हणालो, सगळं खरवडून काढतो, ऊन पडलं की नीट करतो आणि स्वतः वापीला आणून देतो. तिच्या चेहऱ्यावर मी राग शोधत होतो. असता तर बरं वाटलं असतं.

"राहू दे, दादा," ती म्हणाली. "किती दमलायस. पड जरा."

तिने उशी माझ्याकडे सरकवली आणि दुसऱ्या हाताने झोळीची दोरी ओढत राहिली. बाळाचं नाक अजून वाजत होतं. पाच मिनिटं पाठ टेकतो, मग उठून तिची माफी मागतो, असं ठरवून मी आडवा झालो.

आणि मला झोप लागली. गाढ, मेल्यासारखी. उठलो तेव्हा दिवेलागण झाली होती. बहीण आणि बायको डिंकाच्या लाडवांबद्दल बोलत होत्या. बहिणीने चहाचा कप माझ्या हातात दिला आणि विचारलं, "उद्या सकाळचीच शिफ्ट ना?"

मी हो म्हणालो.