चरकाकीची खोली

चरकाकी शिव्या देत उठायची आणि शिव्या देत झोपायची. मधल्या वेळात तिच्या हातात फावडं असायचं. माझ्या सासऱ्यांच्या थोरल्या भावाची ती विधवा. मूलबाळ नव्हतं. वसईच्या खाडीकाठच्या आमच्या त्या मोठ्या घरात पूर्वेच्या टोकाची एक खोली तेवढी तिची होती. त्या खोलीच्या भिंतीबाहेर ती सदानकदा चर खणत बसायची, म्हणून गावानं तिचं नाव चरकाकी पाडलं. लोकांना त्याचं हसू यायचं. मला आजही येत नाही.

चर वीतभर रुंद. भिंतीला लागून माती राहू द्यायची नाही, जोत्याचा दगड उघडा दिसला पाहिजे, एवढाच तिचा हट्ट. चरात ती खाडीतल्या कालवांची टरफलं भरायची, म्हणजे पाणी झिरपून निघून जाई. घरात कालवं झाली की टरफलांची टोपली तिच्यापुढे गेलीच पाहिजे. कुणी ती उकिरड्यावर टाकली, तर त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार व्हायचा.

तिचं खरं वैर मांडवाच्या मातीशी. आमच्याकडे लग्न ठरलं की अंगणात नवी माती पडते. ती चोपायची, सारवायची आणि वर मांडव घालायचा. मांडव उतरतो, माती तिथेच राहते. दर लग्नाला अंगण चार बोटं वर चढतं आणि घर तेवढं खाली जातं. आमच्या पुरुषांना ह्यात काही वावगं दिसेना. पिढ्यान्‌पिढ्या मातीचे बांध घालून खाडीचं पाणी अडवणारी माणसं ती! माती लावली की बांध मजबूत होतो, तशी भिंतही होणार, असं त्यांचं डोकं. मामंजी, म्हणजे माझे सासरे, तर बांध घालण्यात गावात नावाजलेले. ते म्हणायचे, "वयनी, मी खाडी अडवली. तुजी भिंत काय मोटी लागून गेली?" काकी फावड्यावर हात टेकून म्हणायची, "भावजी, बांधाच्या मागं तुमचं भात असतं. भिंतीच्या मागं मी असते. भाताला ओल लागते, मना नको."

देश स्वतंत्र होऊन दोन-चार वर्षं झाली असतील, तेव्हा माझं लग्न झालं. विधवेने मांडवात फावडं घेऊन फिरणं बरं दिसत नाही, म्हणून काकीला माहेरी धाडलं. तिची पाठ फिरली आणि इकडे गाड्या भरभरून माती आली. चर टरफलांसकट बुजवला. जोतं दिसेनासं झालं आणि माती वरच्या कच्च्या विटांना जाऊन भिडली. त्याच अंगणातून मी वाजतगाजत घरात आले. मला काय ठाऊक! चराची ही सगळी कथा मला मागाहून कळली.

काकी परतली ती हातातलं गाठोडं टाकून खणायलाच लागली. मामंजींनी फावडं हिसकावून घेतलं. "हळदीचं अंगन हाय. वरीस व्हायच्या आत खनलंस तर पोरीचं वाईट व्हईल." पोरगी म्हणजे मी. काकीने माझ्याकडे पाहिलं आणि मातीचे हात पदराला पुसले. "तिच्या नावानं सांगता व्हय?" ती म्हणाली. "मग नाय खनत." जन्मात कुणाचं न ऐकलेली बाई त्या दिवशी गप्प बसली, ती माझ्यासाठी.

मी डोक्यावरचा पदर सावरत म्हटलं, "खनू द्या त्यांना. माजं काय वाईट व्हत नाय." नवी सून तोंड वर करून बोलली म्हणून घरात चार दिवस धुसफूस चालली. मातीला मात्र कुणी हात लावला नाही.

पावसाळ्यात भिंत खालून काळी पडत गेली. मग तिला पांढरा लोणा फुटला. काकी तो नखांनी खरवडायची. "बघ गो," मला म्हणायची, "आगरात पिकत नाय एवडं मीठ माज्या खोलीत पिकतं." श्रावणात एका दुपारी, आम्ही सगळ्या शेतात असताना, भिंत खाली बसली. बाई वाचली, खोली गेली.

मामंजी म्हणाले, पावसाने पडली. गावही म्हणालं, पावसाने पडली. पावसाने! इतकी वर्षं काय पाऊस पडतच नव्हता? माझं डोकं फिरतं ते ह्या एका वाक्याने. पावसाने पडली म्हटलं की ती बांधून द्यायची कुणी, हे विचारायलाच नको. एकट्या बाईला वेगळी खोली हवी कशाला, असं पुरुषांनी बसून ठरवलं. त्या जागेवर पेंढा रचला आणि काकीला पडवी दिली. उरलेलं आयुष्य तिने तिथे काढलं. पाहुणे आले की पोरं तिचं अंथरूण गुंडाळून कडेला सरकवायची, आणि ती एक शिवीसुद्धा द्यायची नाही. भांडावं असं तिचं म्हणून त्या घरात काही उरलंच नव्हतं.

ती गेली तेव्हा मामंजींनी तेराव्याला गावजेवण घातलं. वयनीने घरासाठी हाडं झिजवली, असं पंगतीपुढे उभं राहून डोळे पुसत सांगितलं. सासूबाई मला वाढायला हाका मारत होत्या. मी पडवीत, काकी निजायची त्या जागेवर बसून राहिले. उठले नाही.