महाराष्ट्राचे कथेकरी अजून आले नाहीत

हसणार नसाल तर सांगतो. आणि हसणारच असाल, तर आधी चहाचे कप खाली ठेवा. माझा हा शर्ट नवा आहे.

मला वाचनाचा नाद. बोम्मसंद्र्याच्या कारखान्यात जायला-यायला रोज तीन तास बसमध्ये जातात, तेवढ्यात मी कन्नड कादंबऱ्या फस्त करतो. म्हणजे त्यांची मराठी भाषांतरं! मलनाडातल्या सुपारीच्या बागा काय, तिथले भांडकुदळ भाऊ काय, सगळे मला सख्ख्या नातेवाइकांसारखे. फक्त कन्नड तेवढं येत नाही. चामराजपेटेत सहा वर्षं काढली ती दोन शब्दांवर. 'स्वल्प' म्हणजे थोडं आणि 'सरी' म्हणजे बरं. माणसाला जगायला आणखी काय लागतं, सांगा?

आमच्या वरच्या मजल्यावर सावित्रक्का राहतात. निवृत्त शिक्षिका. हिंदी उत्तम कळतं, पण माझ्याशी बोलणार कन्नडच. का? तर मी शिकावं म्हणून! माझी बायको मृणाल क्लास लावून कन्नड शिकली, त्यामुळे आमच्यातली दुभाषी तीच. आणि ती नेमकी पंधरा दिवस पुण्याला, माहेरी.

एका संध्याकाळी अक्का जिन्यात भेटल्या. माझ्या हातातल्या पुस्तकाकडे बोट दाखवून म्हणाल्या, "कथे?"

मला काय उत्साह आला! म्हटलं, आज अक्कांना चकित करायचं. "नानु दिना कथे हेळ्तीनि!" मी ठोकून दिलं. मी रोज कथा वाचतो, असं म्हणायचं होतं हो! आता, कन्नडमध्ये वाचणं म्हणजे 'ओदु' आणि सांगणं म्हणजे 'हेळु', हे आज मला झोपेतून उठवून विचारलंत तरी सांगेन. त्या दिवशी ठाऊक नव्हतं. मी रोज कथा सांगतो, असं मी त्यांना सांगून बसलो.

अक्कांचे डोळे चमकले. "हौदा?" म्हणजे, 'हो का?'

"सरी, सरी!"

मग त्या पाच मिनिटं भरभर बोलल्या. मला 'रामनवमी', 'देवस्थान' आणि 'अर्ध गंटे' एवढं कळलं. म्हणजे देवळात अर्ध्या तासाचा कार्यक्रम आहे, ऐकायला या. सरी! पूर्ण नाव विचारलं, फोन नंबर विचारला. प्रसादाची यादी असेल. सरी! दोन दिवसांनी जरीचं उपरणं पाठवून दिलं. काय पाहुणचार आहे या लोकांचा, म्हणून मी मृणालला फोनवर कौतुकाने सांगितलंसुद्धा.

रामनवमीच्या संध्याकाळी उपरणं घालून निघालो, तर खालचा किराणावाला म्हणाला, "सर, आज महाराष्ट्र से बड़े कथाकार आ रहे हैं, मालूम है?"

महाराष्ट्रातून! अहो, सहा वर्षांत आपल्याकडचं कीर्तन कानावर पडलं नव्हतं. मी जवळजवळ धावतच गेलो आणि पहिल्या रांगेत बसलो. देऊळ गच्च भरलेलं. पेटीवाला, मृदंगवाला सूर लावून तयार. फक्त कथेकऱ्याचा पत्ता नाही.

पंधरा मिनिटं झाली. अर्धा तास झाला. लोक चुळबुळायला लागले आणि मला लाज वाटायला लागली. शेवटी आपल्या गावाकडचा माणूस ना तो! देवळाचे सेक्रेटरी घाम पुसत फिरत होते. मी उठून त्यांना गाठलं.

"ये क्या तरीका है? इतने लोग बैठे हैं! फोन लगाइए उनको!"

त्यांनी फोन लावला. तेवढ्यात माझाच फोन वाजला. नंबर अनोळखी. मी कट केला.

"सर, उन्होंने काट दिया," सेक्रेटरी रडवेल्या आवाजात म्हणाले.

"काट दिया? बेशरम आदमी! फिर से लगाइए!"

त्यांनी पुन्हा लावला. पुन्हा माझा खिसा वाजला.

सेक्रेटरींनी आपल्या फोनकडे पाहिलं. माझ्या खिशाकडे पाहिलं. मग उपरण्याकडे पाहिलं आणि दोन्ही हात जोडले.

तेवढ्यात स्टेशनवरून बॅगेसकट थेट देवळात आलेली मृणाल गर्दीतून वाट काढत पुढे आली. "श्रीकांत, बाहेरच्या कन्नड फलकावर तुझं नाव का आहे?"

गुळाच्या पानकाचं पातेलं सोडून अक्का स्वयंपाकघरातून लगबगीने आल्या. मी हिंदीत गयावया केली, "अक्का, मैं पढ़ता हूँ! बोलता नहीं! सिर्फ पढ़ता हूँ!"

अक्का शांतपणे म्हणाल्या, "हेळि." सांगा!

काय करणार? उभा राहिलो. अक्का शेजारी, कन्नडमध्ये समजावून सांगायला. मला एकच कथा आठवत होती. दोन भाऊ घराच्या मधोमध भिंत घालतात, आईची चूल एकीकडे राहते आणि अंथरूण दुसरीकडे. ती वाचताना मी बसमध्ये इतका रडलो होतो की कंडक्टरने पाणी दिलं होतं.

मी पहिलं वाक्य हिंदीत बोललो. अक्कांनी कन्नडमध्ये सांगितलं. लोक हसले.

हसले? मी आवाज आणखी जड केला. भिंत उभी राहिली, लोक खदखदले. आई चुलीसाठी तळमळली, मी छाती पिटली, लोकांनी टाळ्या पिटल्या. आई गेली तेव्हा माझ्या डोळ्यांत खरंखुरं पाणी आलं, तर मृदंगवाला पोट धरून आडवा झालेला! मृणाल खांबाआड तोंडात ओढणी कोंबून उभी.

असा संताप आला म्हणून सांगू! परतताना मी तिच्यावरच भडकलो. "इथल्या लोकांना काळीज आहे की नाही? आई मेली तिथे हसतात?"

"अरे, आई कुठली? अक्कांनी सुरुवातीलाच सांगून टाकलं, की यांचं क्रियापद चुकलं, यांना वाचतो म्हणायचं होतं. आता उभे आहेत तर राहू द्या, गोष्ट मी सांगते, म्हणाल्या. एकादशीला चोरून वडे खाणाऱ्या अक्कांच्या सासूबाईंची गोष्ट होती ती."

"आणि मी?"

"तू छाती पिटलीस ना, तेव्हा सासूबाईंच्या घशात वडा अडकला होता. डोळे पुसलेस तेव्हा मिरची लागली होती. इतकं जुळत होतं, की लोकांना वाटलं तुम्ही दोघांनी महिनाभर तालीम केली!"

तेवढ्यात मागून सेक्रेटरी धापा टाकत आले. "सर! अगले साल भी आपको ही आना है. सबकी इच्छा है."

खरं सांगतो, एवढं होऊनही माझी छाती फुगली. "ज़रूर! कौन सी कथा सुनाऊँ?"

"नहीं नहीं सर, कथा तो अक्का सुनाएँगी. आप सिर्फ हाथ हिलाइए. वो बीच-बीच में आप कुछ बोलते हैं न, उससे लोगों को डिस्टर्ब होता है."