डी ड्राइव्हमधली माणसं

बुधवारी सकाळी साडेदहाला जाहिरात विभागातल्या संगणकावर पान सेव्ह होईना. डिस्कवर जागा शिल्लक नाही, असा संदेश पुन्हा पुन्हा येत होता. डी ड्राइव्हची पट्टी टोकापर्यंत लाल झाली होती.

आमच्या दैनिकाचं जिल्हा कार्यालय पैठण गेटजवळ, दुसऱ्या मजल्यावर होतं. मी तिथं वृत्तसंपादक होतो. जाहिरातींशी माझा संबंध एवढाच, की त्या किती जागा खातात त्यावर माझ्या बातम्यांची लांबी ठरायची. जाहिरातींसह पूर्ण झालेली पानं मात्र त्याच संगणकावर सेव्ह व्हायची. तो जिच्या ताब्यात असायचा, तिला सगळं कार्यालय आपा म्हणायचं. आपा भाच्याच्या लग्नाला अजिंठ्याला गेली होती आणि दुपारपर्यंत एसटीनं परत येणार होती. मी तिला फोन लावला, तो लागला नाही. दोनदाच लावला, हे इथं नोंदवायला हवं. मुख्य कार्यालयातला तंत्रज्ञ म्हणाला की नवी डिस्क मंजूर व्हायला वेळ लागेल, तोवर जुनं असेल ते काढून टाका.

मी फोल्डर आकारानुसार लावले. बहुतेकांना साल आणि महिना अशी नीट नावं होती. एका मोठ्या फोल्डरला मात्र नावच दिलेलं नव्हतं. ‘नवीन फोल्डर’ एवढंच. आत ‘लासूर फेटा’, ‘देवगाव मास्तर चष्मा’, ‘कन्नड बुलेट’, ‘सिल्लोड नणंदेच्या लग्नात’ अशा शेकडो फाइली होत्या. आयुष्यभर फाइलींना दिनांक, गाव आणि विषय अशी नावं देत आलेल्या मला तो कचरा वाटला. कचरापेटीत टाकलं तर तिथंही जागा अडते म्हणून मी फोल्डर कायमचा पुसला. पट्टी निळी झाली. अडलेलं पान सेव्ह झालं, त्यामागून आणखी दोन पानं झाली. तेव्हा अकरा वाजून दहा मिनिटं झाली होती.

आपा पाऊण वाजता आली. हातात लग्नातल्या लाडवांची पिशवी होती. तिनं पडद्याकडे पाहिलं आणि कोणी साफ केलं म्हणून विचारलं. मी केलं, असं मी सांगितलं. तिनं दोन ठिकाणी शोधून पाहिलं, पिशवी खाली ठेवली आणि म्हणाली, “सर, आता माऊसला कुणी हात लावायचा नाय.”

संगणक नीट बंद करावा असं आम्हाला रोज बजावणाऱ्या आपानं त्या दिवशी मागची वायरच ओढली.

मग तिनं मला समजावून सांगितलं. तिच्या आवाजात राग नव्हता, आणि ते ऐकणं मला रागापेक्षा जड गेलं. पुसलेली फाइल लगेच जात नाही. तिची जागा फक्त रिकामी म्हणून धरली जाते, आणि तिथं दुसरं काही येऊन बसलं की ती खरी जाते. मी पुसल्यानंतर तीन पानं सेव्ह केली होती. त्यांच्याखाली कोण कोण गेलं, ते आता पाहावं लागणार होतं.

‘कोण’ हा शब्द तिचा. त्या फोल्डरमध्ये पुण्यस्मरणाच्या जाहिरातींतली माणसं होती. आमच्या जिल्ह्यात घरचं माणूस गेलं की दर वर्षी त्या तिथीला पेपरात त्याचा फोटो देतात. लोक काउंटरवर येतात आणि मागच्या सालचाच फोटो टाका म्हणतात. बऱ्याच घरांत तो फोटो नसतोच. लग्नाच्या घोळक्यातून नाहीतर रेशनकार्डावरून आपानं चेहरा काढलेला असतो, डाग पुसलेले असतात, आणि मूळ कागद नंतर हरवलेला असतो. त्या फाइलींना माणसांची नावं का नाहीत, हेही मला त्या दिवशी कळलं. जुन्या वळणाच्या बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत. एकटी आलेली बाई ‘आमच्या घरच्यांचा’ एवढंच सांगते. म्हणून आपानं नावांचा नादच सोडला होता. गाव आणि एखादी खूण, एवढ्यावर ती माणूस शोधून द्यायची.

“सर, तुमची बातमी उद्या शिळी होते,” ती म्हणाली. “माझी माणसं दर सालाला परत येतात.”

त्यातल्या एकाची जाहिरात द्यायला शुक्रवारी घरचे येणार होते. लासूर स्टेशनच्या एका बाईच्या नवऱ्याचं पुण्यस्मरण रविवारी होतं. त्या माणसाचा एकच फोटो निघाला होता. तो पावसात घर गळून भिजला, त्याआधी आपाकडे आला होता म्हणून वाचला. आता तो माझ्या तीन पानांखाली होता किंवा नव्हता. मी जुन्या अंकांच्या बांधीव फाइलीतून मागच्या वर्षीची जाहिरात काढून दिली. आपानं ती दुसऱ्या संगणकावर स्कॅन करून मोठी केली. राखाडी ठिपके दिसले, माणूस दिसला नाही.

शहागंजात तिच्या भावाचं संगणक दुरुस्तीचं दुकान आहे. बुधवारी दुपारी ती डिस्क काढून तिकडे घेऊन गेली. गुरुवारी दुपारी फोटो दुसऱ्या डिस्कवर भरून, दोन्ही डिस्क घेऊन परत आली. फोटो आले होते, पण त्यांची नावं आली नव्हती. प्रत्येक फाइलीला नुसता आकडा होता.

त्यानंतर आपानं जे केलं ते मी शेजारी बसून पाहिलं. तिनं पहिला फोटो उघडला, क्षणभर पाहिला आणि ‘देवगाव मास्तर चष्मा’ असं टाइप केलं. मग दुसरा. मिनिटाला चार-पाच, असा वेग होता. काही फोटो तर असे सारखे, की मला वेगळे ओळखता आले नसते. गंगापूरच्या दोन भावांना तिनं कानांवरून वेगळं केलं. एका म्हातारीजवळ ती थांबली, डोळे मिटले, आणि ‘फुलंब्री सुनेनं आणला’ असं लिहिलं. तिनं कोणाला विचारलं नाही, वहीत पाहिलं नाही. मी अनेक संपादकांच्या हाताखाली काम केलं आहे. संदर्भ इतका पक्का असलेलं माणूस त्यांच्यात नव्हतं.

मधल्या वेळात तिनं मूळ काम, म्हणजे जागा मोकळी करणं, तेही उरकलं. पुढाऱ्यांच्या वाढदिवसांच्या जाहिराती, एकेकीच्या दहा-बारा आवृत्त्या, तिनं धडाधड उडवल्या. उद्या त्यांनी मागितल्या तर, असं मी विचारलं.

“ते जित्ते आहेत, सर. नवा फोटो पाठवतील.”

त्याहून जास्त जागा आमच्या संपादकीय विभागानं अडवली होती. एकाच पानाच्या ‘फायनल’, ‘नवीन फायनल’ आणि ‘एकदम फायनल’ अशा फाइली वर्षानुवर्षं पडून होत्या. तिनं त्या मला उघडून दाखवल्या आणि मलाच पुसायला लावल्या. तासाभरात डिस्क अर्धी रिकामी झाली. तिच्या माणसांना हात लावायची गरज मुळातच नव्हती.

लासूरचा फोटो शुक्रवारी सकाळी सापडला. फेटा, कपाळ, मिशा, हनुवटी, इथपर्यंत सगळं स्वच्छ होतं. त्याखाली करड्या रंगाचा सपाट पट्टा होता. तेवढ्या भागावर माझं पान बसलं होतं.

बारा वाजता ती बाई दिराला घेऊन आली. आपानं आधी पाणी दिलं. मग पडदा तिच्याकडे वळवला आणि सरळ सांगून टाकलं, “मावशी, फोटो आमच्याकडून अर्धा गेला.” ‘आमच्याकडून’ म्हणाली. मी तिथंच उभा होतो.

बाई पुढं वाकली. “तोंड हाय की,” म्हणाली.

आपानं संगणकातून तिच्या ठेवणीतला काळा कोट काढला आणि हनुवटीखाली जोडला. “हे बघा, झाला पुरा. हा कोट मीच शिवलाय. अर्ध्या तालुक्यानं घातलाय.”

“ह्यांनी जन्मात कोट घातला नाय.”

“वहिनी, मागल्या साली बी ह्योच व्हता,” दीर म्हणाला.

“व्हता. मला वाटलं पेपरात समद्यांनाच घालावा लागतो.” तिनं तोंडाला पदर लावला. ती हसत होती. मग तिनं आपाला विचारलं की खालचं गेलंच आहे, तर त्यांची बंडी काढता येईल का.

गेलेल्या भागात, कोटाखाली, ती बंडीच होती. आपानं ती झाकली होती आणि मी पुसली होती. आपानं कोट बाजूला केला, खुर्ची पुढं ओढली आणि विचारलं, “कशी होती, सांगा.”

पुढचा पाऊण तास बाई सांगत होती आणि आपा काढत होती. कापड पांढरं नको, धुवून पिवळसर झालेलं हवं. गुंड्या चार, वरची कायम उघडी. खिसा डाव्या बाजूला, आणि आत पानतंबाखूची चंची असायची म्हणून जरा लोंबलेला. दीर मध्येच म्हणाला की खिसा एवढा मोठा नव्हता. चंची कोण भरून देत होतं, असं बाईनं त्यालाच विचारलं. आपानं खिसा तिच्या म्हणण्याप्रमाणे ठेवला. शेवटी बाईनं पडद्याजवळ बोट नेलं, काचेला न लावता, आणि मान हलवली.

रविवारच्या पानावर नऊ पुण्यस्मरणं होती. त्यांतले आठ जण काळ्या कोटात होते.