बाजाराच्या दिवशी उतरवलेला फ्लेक्स

एका पुढाऱ्याच्या वाढदिवसाचा फ्लेक्स मी भर बाजाराच्या दिवशी, भर चौकात, स्वतःच्या हातानं उतरवला. त्याचा मला आजतागायत पश्चात्ताप झालेला नाही. हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे पुढं वाचताना कुणी माफीची वाट पाहत बसणार नाही. गावाचं नाव सांगणार नाही. वर्धा जिल्ह्यात तालुके आठ आहेत, ज्याला शोधायचंय त्यानं शोधावं. माणसांचीही नावं सांगणार नाही, कारण भांडण सुरू झालं तेच मुळी एका पोरीचं नाव चव्हाट्यावर मांडण्यावरून.

माझं काम लोकांना पटकन कळत नाही, म्हणून सांगते. ज्या मुलांना घर उरलेलं नाही, त्यांना बालगृहात ठेवण्याऐवजी एखाद्या कुटुंबात सांभाळायला देतात. हे दत्तक नव्हे. मूल त्यांचं आडनाव लावत नाही, त्यांच्या शेतीवाडीचा वारस होत नाही, पण त्यांच्या घरात वाढतं. कागदावर अशा घराला प्रतिपालक कुटुंब म्हणतात. आमच्या संस्थेच्या पोरी या घरांना भेटी देतात, आणि त्या पोरींवर देखरेख करते मी. कुणी समुद्रपूरकडे, कुणी आर्वीकडे, कुणी आष्टीच्या पलीकडच्या खेड्यांत. उन्हातान्हात स्कूटीवर फिरायचं आणि दिवस संपला की मला फोन करायचा. मी त्यांना फार काही शिकवत नाही. गेल्या गेल्या फाईल उघडायची नाही. आधी मुलाशी बोलायचं, मग मोठ्यांशी. आणि मुलाला कुणाच्याही पाया पडायला लावायचं नाही. ही शेवटची गोष्ट पाळायला सगळ्यात अवघड जाते, कारण आपल्याकडे देणाऱ्याला समोरची पाठ वाकलेली पाहायची सवय लागलेली असते.

ती मुलगी तेव्हा दहावीत होती. आई गेलेली, बाप कुठं गेला ते कुणालाच ठाऊक नाही. काही वर्षं बालगृहात काढून ती तालुक्याजवळच्या एका खेड्यात, एका कास्तकाराच्या घरी राहायला आली होती. घरात नवरा-बायको दोघंच, मुलगा नोकरीला बाहेर. नवरा अबोल. त्याच्या वाटणीचं बोलणं बायको करायची, तेही असं की बांधापलीकडच्या माणसानं वळून पाहावं. मुलगी तिला मावशी म्हणायची. शाळेत तिनं सांगून ठेवलं होतं, आई-बाबा पुण्याला कंपनीत आहेत, मी मावशीकडे शिकायला राहते.

त्या घराला भेट देणारी आमची कार्यकर्ती नवी होती, जेमतेम वर्षभर झालेलं. तिनं मला विचारलं, "ताई, ती शाळेत खोटं सांगते. अहवालात लिहू का?"

मी म्हटलं, "तुझ्या घराच्या खिडकीला पडदा आहे ना? मग तू खोटारडी आहेस का?"

ती हसली आणि तिनं ते लिहिलं नाही.

पुढं सायकल वाटपाचा कार्यक्रम निघाला. सायकली दिल्या होत्या तालुक्याच्या गावातल्या व्यापाऱ्यांनी, पण वाटणार होता पुढारी. आयजीच्या जिवावर बायजी उदार. मुलीला सायकलीची गरज खरी होती. शाळा तालुक्याला, लांब, आणि एसटी येईल तेव्हा खरी. मी आयोजकांना फोन करून बजावलं, आमच्या मुलीचा फोटो काढायचा नाही, कायद्यानं अशा मुलांचं नाव किंवा फोटो छापता येत नाही. "छे छे मॅडम, अगदी घरगुती कार्यक्रम आहे," असं उत्तर आलं. आमची कार्यकर्ती मुलीला घेऊन गेली. स्टेजवर फोटो निघाला. ती मध्ये पडली, तर तिला सांगितलं, "ताई, नुसता आठवणीसाठी." तिथल्या गर्दीत तिचं कोण ऐकणार!

थोड्याच दिवसांत पुढाऱ्याचा वाढदिवस आला आणि ती आठवण चौकात लागली. दोन खांबांच्या मध्ये ताणलेला भला मोठा फ्लेक्स. वर हात जोडलेला पुढारी, भोवती त्याच्या चाहत्यांची गोल गोल डोकी, आणि खाली सायकलचं हँडल धरून उभी असलेली आमची मुलगी. फोटोखाली तिचं पूर्ण नाव, गावासकट. आणि सगळ्यांच्या वर मोठ्या अक्षरांत, "अनाथांचे नाथ". खेड्यांतून येणारी शाळेची मुलं एसटीतून उतरतात ती त्याच चौकात.

दुसऱ्या दिवसापासून मुलगी शाळेत गेली नाही. तिसऱ्या दिवशी तिनं आमच्या कार्यकर्तीला सांगितलं, "ताई, मले परत बालगृहात घाला. तिथं सगळेच तसे. तिथं कोनी कोनाले विचारत नाई."

कार्यकर्ती मला फोनवर हे सांगताना रडत होती. मला रडू आलं नाही, मला संताप आला. त्या मुलीनं किती खटपटीनं स्वतःसाठी एक साधं आयुष्य बेतलं होतं. मावशीकडे राहणारी, डबा नेणारी, गणिताला कंटाळणारी, चारचौघींसारखी मुलगी. ते एका माणसाच्या वाढदिवसासाठी उसवून टाकलं. आणि तिनं परत जायचा हट्टच धरला असता, तर तिला थोपवणं सोपं नव्हतं. मुलाची इच्छा विचारल्याशिवाय पुढं जायचं नाही, हे आम्हीच सगळ्यांना सांगत फिरतो. बोर्डाची परीक्षा तोंडावर आलेली. या वयात शाळा सुटलेली पोर पुन्हा वर्गात जाऊन बसलेली मी फार थोड्या वेळा पाहिली आहे.

मी आधी रीतीनंच गेले. पुढाऱ्याच्या कार्यालयात फोन केला. भाऊ दौऱ्यावर आहेत, असं कळलं. मग भाऊ बैठकीत होते. मग भाऊ जेवत होते. फ्लेक्सला परवानगी कुणी दिली हे विचारायला पालिकेत गेले, तर मला लेखी अर्ज द्यायला सांगितलं. दिला. त्यावर कार्यवाही व्हायची ती होईल म्हणाले. वरातीमागून येणारं ते घोडं मला ओळखीचं होतं.

शेवटी आमच्या संस्थेच्या सचिवांचा फोन आला. त्यांना वाटलं, मी उगाच वाढवतेय.

"वाढदिवस होऊन जाऊ द्या ना मॅडम. चार दिवसांत आपोआप निघतो फ्लेक्स. आपल्याला याच लोकांच्या गावात काम करायचंय. उलट तुम्ही एक करा, त्या कार्यकर्तीकडून लेखी खुलासा घेऊन ठेवा. मुलीला तिथं नेलं कुणी, हा प्रश्न उद्या येणारच."

चोर सोडून संन्याशाला फाशी! मी म्हटलं, "खुलासा हवा असेल तर माझा घ्या. तिच्याकडून एक ओळ मागणार नाही." पलीकडून थंड आवाजात, "बघा बुवा, तुमची मर्जी," असं आलं. त्यांनी मर्जी माझ्यावर सोडली, हे बरंच झालं.

मुद्दाम बाजाराचा दिवस धरला. पहाटे लपूनछपून काढला असता तर दुपारी नवा लागला असता, आणि वर चोरीचा आळ. शिवाय लपायचं कुणी? आम्ही काय गुन्हा केला होता? मी वर्ध्याहून एसटीनं गेले. कार्यकर्ती स्टँडवर स्कूटी घेऊन उभी होती. चेहरा पांढराफटक. आम्ही आज काय करणार, हे तिनं आदल्या दिवशीच मुलीच्या घरी सांगून ठेवलं होतं. मला म्हणाली, "ताई, मी चढते. चूक माझ्यामुळंच झाली."

"तू शिडी धर," मी म्हटलं. "नोकरी गेली तर माझी जाऊ दे. माझी बरीचशी करून झाली आहे."

शिडी मंडपवाल्यानं दिली. कशाला हवी ते विचारलं नाही, पण फ्लेक्सकडे एकदा आणि माझ्या गुडघ्यांकडे एकदा पाहून घेतलं. चौकात वांगी-टमाटे घेऊन बसलेल्या बाईनं आपला विळा पुढं केला. मी पदर खोचला आणि चढले. वय पन्नाशीपुढचं, साडी सुती, शिडी डुगडुगती. भीती वाटत नव्हती असं म्हणणार नाही. पण त्या गोल गोल डोक्यांच्या इतक्या जवळ गेल्यावर मला हसूच यायला लागलं. पहिली दोरी कापली तसा फ्लेक्सचा एक कोपरा लोंबला आणि खालचं भाव करणं थांबलं.

दुसऱ्या दोरीला हात घालते तोवर पुढाऱ्याचा माणूस मोटारसायकलवर येऊन थडकला.

"ओ मॅडम! कोनाच्या परवानगीनं काढून राह्यल्या?"

"तुम्ही कोनाच्या परवानगीनं लावला?" मी वरूनच विचारलं. चिडले की माझीही भाषा गावाकडे वळते. "पोरीचा फोटो छापाले कोनाले विचारलं होतं?"

तो गर्दीकडे वळला. चोराच्या उलट्या बोंबा सुरू झाल्या. "पाहा लेकहो! भाऊनं एका अनाथ पोरीले सायकल देल्ली. पुण्य केलं. अन् या बाई भाऊचा फ्लेक्स फाडून राह्यल्या. चांगुलपनाचा जमानाच नाई राह्यला!"

काही लोकांनी माना हलवल्या. त्या त्याच्या बाजूनं होत्या की माझ्या, ते वरून कळत नव्हतं. मी काहीतरी खमंग बोलणार होते, पण तेवढ्यात गर्दीच्या मागून खणखणीत आवाज आला.

"कोन अनाथ?"

मुलीची मावशी होती. आपल्या खेड्यापासून सायकल हातानं ढकलत आणली होती. चेहरा उन्हानं लाल. तिच्या मागं, तोंडाला ओढणी गुंडाळून, मुलगी. ती मावशीचा हात मागं ओढत होती आणि मावशी ऐकत नव्हती.

"कोन अनाथ म्हनतो मी?" बाई थेट त्या माणसासमोर जाऊन उभी राहिली. "हे पोट्टी माह्या घरी रायते. माह्या हातचं खाते. रोज सकाळी माह्यासंग भांडते. मी जित्ती उभी हावो अथी, अन् तुमी हिले अनाथ लिवता? म्हंजे मी मेली का? माही तेरवी जेवून आले का तुमी?"

गर्दीत कुणीतरी फिसकन हसलं आणि मग सगळा चौक हसला. बाईनं सायकल त्याच्या मोटारसायकलला टेकवली.

"हे घ्या तुमची सायकल. अन् भाऊले सांगजा, आमच्या घरी दोघं जन हावो हिचे. नाथ-गिथ नाई पाह्यजे आमाले."

त्यानं मोबाईल कानाला लावला आणि बोलल्यासारखं करत पानठेल्याच्या मागं गेला. मी राहिलेल्या दोऱ्या कापल्या. फ्लेक्स खाली पडला. वांग्यावाल्या बाईनं तो पायानं बाजूला सारून आपला विळा परत मागितला.

टाळ्या-बिळ्या पडल्या असतील. मला ऐकू आल्या नाहीत, कारण शिडीवरून मला मुलगी दिसत होती. भज्याच्या गाडीजवळ तिच्या शाळेच्या तीन-चार मुली उभ्या होत्या आणि तिच्याकडेच पाहत होत्या. ज्यानं फ्लेक्स वाचला नसेल त्यालाही आता सगळं कळलं होतं. जे झाकायला मी वर चढले, ते आम्ही सगळ्यांनी मिळून दवंडी पिटून सांगितलं. आता ही पोर शाळेत जाणार नाही, थेट बालगृहाची वाट धरणार, असं मला वाटलं. कार्यकर्तीनं शिडी सोडली आणि तिच्याकडे धावली.

पण मुलगी तिला ओलांडून पुढं गेली. तोंडावरची ओढणी तिनं खाली ओढली. रडून डोळे सुजलेले होते, पण चेहऱ्यावर रडू नव्हतं. कुठलीही सोळा वर्षांची पोर भर बाजारात आपल्या माणसावर चिडते, तशी ती चिडली होती. तिनं मावशीचा पदर धरून खसकन ओढला.

"चाल न वो घरी! सारा बाजार पाहून राह्यला. येवढ्या मोठ्यानं बोंबलाची काय गरज होती तुले?"

"बोंबलू नाई त काय करू?" बाई म्हणाली, पण एकदम हळू. तिचा इतका हळू आवाज मी पहिल्यांदा ऐकला.

"अन् सायकल काऊन वापस देल्ली?" मुलीनं भज्याच्या गाडीकडे एकदाही पाहिलं नाही. "उद्या सकाळी मी शाळेत काय पायी जाऊ?"