पाचव्या अंकाचं प्रात्यक्षिक

"ऊठ. इकडे ये. हात दाखव."

मी बी. ए.च्या दुसऱ्या वर्षाला होते. वर्गात साठेक मुलं. सर एक जुनं इंग्रजी नाटक शिकवत होते. एक सरदार घरी पाहुणा आलेल्या राजाचा झोपेत खून करतो. बायको त्याला भरीला घालते. गादी मिळते, पण पाचव्या अंकात तीच बायको झोपेत चालू लागते. हात चोळत राहते. रक्ताचा वास जात नाही म्हणते.

सर म्हणाले, "सिम्बॉल पुस्तकातून कळत नाही. नाकातून कळतो." त्यांनी माझं मनगट धरलं आणि माझा हात पहिल्या बाकावरच्या मुलीसमोर नेला. "घे वास." तिने घेतला आणि नाक मुरडलं. मग दुसरी, मग तिसरी. हात माझा होता, पण तो फिरवत सर होते.

"धुतेस ना गं?"

"हो सर."

"कशाने?"

इथे मी माती खाल्ली. मला वाटलं, सर खरंच विचारतायत. आमचं घर पाचूबंदरच्या कोळीवाड्यात. कॉलेजला येण्याआधी मी आईबरोबर बोंबील वाळत घालायचे. दोन बोंबील घ्यायचे, जबड्यात जबडा अडकवायचा आणि जोडी काठीवर टाकायची. अशा शेकडो जोड्या. त्यामुळे त्या प्रश्नाचं उत्तर मला येत होतं, आणि इंग्रजीच्या वर्गात असं कधी होत नसे. मी मन लावून सांगितलं, "सर, गरम पाणी घ्यायचं नाही. वास धरून बसतो. आधी गार पाणी, मग मीठ, मग चिंच. राणी नुसतीच चोळतेय."

वर्गात हशा फुटला.

"बघा!" सर म्हणाले. "राणी पाचूबंदरची असती तर नाटक दुसऱ्या अंकातच संपलं असतं."

सगळे हसले. मीसुद्धा हसले. ते हसणं मी स्वतःला अजून माफ केलेलं नाही.

सर दुष्ट नव्हते. तसे असते तर सोपं झालं असतं. त्यांनी मला पुस्तकं दिली. निबंध तपासून दिले. फक्त एकदा म्हणाले, "तुझ्यात महत्त्वाकांक्षा आहे. पण जपून हं. नाटकात बघितलंस ना, त्यापायी काय होतं ते?" त्याच आठवड्यात एका वकिलाच्या मुलाला ते म्हणाले होते, "थोडी तरी महत्त्वाकांक्षा ठेव रे." दोन्ही वाक्यं मी ऐकली होती. तेव्हा ती मला शेजारी शेजारी ठेवता आली नाहीत.

घरी आले तेव्हा आई सुकी मासळी टोपलीत भरत होती.

"कनाला रडतंस गो?"

मी सांगितलं. तिने हात थांबवला नाही. "वास येतंय तं येऊं दे. मासलीचा हाय. कुना मानसाच्या रगताचा नाय."

मी तिच्यावरच चिडले. तिला काय कळतंय, असं वाटलं. दुसऱ्या दिवसापासून मी बोंबलांना हात लावला नाही. अभ्यास आहे म्हणाले. माझ्या वाटणीचं काम आईने केलं. ती बाजारात बसायची तो रस्ता कॉलेजला जवळचा होता. मी लांबून जायला लागले.

पुढे एम. ए.ला असताना नायगावच्या कोळीवाड्यातली एक ताई भेटली. आमच्याच कॉलेजची, माझ्यापुढे चार वर्षं. बोलता बोलता पाचव्या अंकाचा विषय निघाला. ती म्हणाली, "तुझ्या वेळी तू होतीस का? आमच्या वेळी मी." म्हणजे हे दरवर्षी चालत होतं. सर प्रवेशाच्या यादीत गाव बघायचे. एका वर्षी कोळीवाड्यातलं कुणीच नव्हतं, तर मटणाच्या दुकानवाल्याच्या मुलाला उभं केलं होतं, असं तिने सांगितलं. मग आम्ही दोघी परीक्षेबद्दल बोललो.

प्राध्यापकीसाठीची सेट परीक्षा पास झाले. त्याच कॉलेजात तासिका तत्त्वावर लागले. सात वर्षं झाली. दर जूनला नवा अर्ज, नवी मुलाखत, तीच खुर्ची. सर आता विभागप्रमुख. स्टाफरूममध्ये सगळे मला मॅडम म्हणतात, सर "अगं" म्हणतात. कायम जागा निघणार, निघणार असं सात वर्षं ऐकत होते, आणि जागा निघाली की सरांच्या शब्दाला वजन असणार हे शिपायालाही ठाऊक होतं. त्यामुळे मी सरांच्या प्रत्येक विनोदाला हसायचे. दमायला व्हायचं त्याने. शिकवण्याने कधी तेवढी दमले नाही.

गेल्या वर्षी सर म्हणाले, "अगं, बस आज माझ्या वर्गात. पाचवा अंक कसा शिकवतात ते बघून घे."

काय होणार ते मला माहीत होतं. तरी मी जाऊन शेवटच्या बाकावर बसले. सरांनी नाव पुकारलं. मुलगी आमच्याच आळीतली. तिची आई आणि माझी आई बाजारात शेजारी बसतात. सरांनी तिचा हात धरून फिरवला. मग तोच प्रश्न. "कशाने धुतेस?"

तिने उत्तर दिलं नाही. माझ्यापेक्षा शहाणी. तिने सगळ्या वर्गावरून नजर उचलून माझ्याकडे पाहिलं. त्या खोलीत तिचं म्हणावं असं माणूस मी एकटीच होते.

सरांनीही माझ्याकडे पाहिलं. "मॅडमना विचार. त्यांनी एकदा मला सगळी कृती सांगितली होती."

वर्ग हसला. मी हसले.

पहिल्यांदा हसले तेव्हा एकोणीस वर्षांची होते. घाबरले होते, काही कळत नव्हतं. या वेळी बत्तीस वर्षांची होते. सगळं कळत होतं. मला जागा हवी होती. चार दिवसांनी त्या मुलीने इंग्रजी सोडून भूगोल घेतला. अर्जावर कारण लिहिलं होतं, विषय झेपत नाही. तो अर्ज माझ्याच टेबलावरून पुढे गेला. मी सही केली.

सात वर्षं मी फळ्यावर "अपराधभाव" लिहून खाली रेघ मारत आले होते. महत्त्वाकांक्षा माणसाला कुठे नेते, यावर नोट्स दिल्या होत्या. नाटकात सगळं मोठं असतं. राजा, खंजीर, रात्रीचे अपशकुन. मी कुणाला मारलं नव्हतं. एका खुर्चीसाठी एक पोरगी उघड्यावर सोडून दिली होती, एवढंच. त्याला ना खंजीर लागला ना रक्त. नुसतं गोड हसून झालं.

यंदा जागा निघाली. निवड समितीसमोर तास घ्यायचा होता. विषय सरांनीच ठरवला. म्हणाले, "पाचवा अंक घे. आणि प्रात्यक्षिक कर. स्वतःच्याच हातावर केलंस तर भारीच. म्हणावं, मीही कोळीवाड्यातली. समितीला आवडेल बघ." हे ते प्रेमाने बोलत होते. खरंच प्रेमाने.

त्या दिवशी वर्गात मुलं, मागे समितीचे तिघं आणि सर. मी शिकवत गेले. राणी हात चोळू लागली तिथवर आले. सरांनी मागून मान हलवली. "प्रात्यक्षिक?"

"नाही सर," मी म्हणाले. "करणार नाही."

माझा आवाज कापत होता, पण येत होता.

"नाटकात राणीच्या हाताचा वास दुसऱ्या कुणालाच येत नाही. वैद्य शेजारी उभा आहे, दासी आहे. त्यांनाही येत नाही. फक्त तिला येतो, कारण खुनात हात तिचा होता. ज्याने केलं त्याला वास येतो. या वर्गात आपण दरवर्षी उलटं शिकवतो. जिने काही केलं नाही तिचा हात साठ नाकांखालून फिरवतो. माझा फिरवला. गेल्या वर्षी एकीचा फिरवला, आणि तेव्हा मी मागे बसून हसले."

समितीतल्या एकाने घड्याळ पाहिलं. "ठीक आहे मॅडम. वेळ झाली."

बाहेर जिन्यावर सर भेटले. चेहरा पडलेला. "अगं, गंमत होती ती. इतकी वर्षं मनात धरलीस?"

"हो."

"जागा घालवलीस स्वतःच्या हाताने."

"हो सर."

मला मोकळं वगैरे काही वाटलं नाही. फार थकवा आला. तिथेच पायरीवर बसावंसं वाटत होतं.

संध्याकाळी त्या मुलीच्या घरी गेले. ती ओट्यावर वह्या पसरून बसली होती. मी उभ्यानेच माफी मागितली. तिने ऐकून घेतलं. "मॅडम, तुमचं सॉरी घेऊन मी काय करू आता?" तिचं बरोबर होतं. मी सरांची तक्रार करतेय म्हटल्यावर म्हणाली, "करा. माझं नाव टाकू नका. आई ओरडेल." "बसा" असं ती म्हणाली नाही. मी परत आले.

तक्रार मराठीतच लिहिली. त्या मुलीचं नाव टाकलं नाही. नायगावच्या ताईला फोन केला. तिने स्वतःचं नाव लिहायला सांगितलं. सरांचं लिहिलं. प्रकार घडताना वर्गात हजर असून गप्प राहिलेल्या शिक्षिकेचं नाव, असा एक रकाना मी मुद्दाम घातला आणि त्यात माझं पूर्ण नाव लिहिलं. चौकशी झाली तर दोघांची होऊ दे. जागा गेली, जूनचा अर्जही आता कुणी घेणार नाही. सोमवारी हा कागद प्राचार्यांच्या हातात देणार आहे. ते म्हणतील, ठेवून जा, बघू. मी ठेवून जाणार नाही. सही-शिक्क्याची पोच हातात पडेपर्यंत त्या केबिनमधून हलणार नाही.