गंगाक्कांचा ड्रायव्हर

मल्लिनाथअण्णांचा चेहरा दिसायच्या आधी मला त्यांचा आवाज भेटला. जुळे सोलापुरातल्या आमच्या इमारतीत राहायला येऊन मला चारच दिवस झाले होते. सकाळी शाळेला निघालो तर स्कूटर सुरू होईना. मी बटण दाबतोय आणि ती नुसती कुरकुरतेय. तेवढ्यात वरून कुणीतरी म्हणालं, "उगं दाबत बसू नका सर. बॅटरी चांगली हाय, टर्मिनल सैल झालंय." वर पाहिलं तर गॅलरीत कुणीच नव्हतं. अण्णा आत बसून भाकरी खात होते. नुसत्या आवाजावरून सांगितलं होतं. टर्मिनल खरोखरच सैल होतं.

उभी हयात त्यांनी गाड्यांच्या वायरिंगमध्ये काढली होती. "तार सहसा मरत न्हाय, सर. जोड सुटतो. जोड बघा आधी," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. मी शाळेत विज्ञान शिकवतो याची त्यांना भारी गंमत वाटे. पंखा असो, मिक्सर असो, माझं निदान आधी शांतपणे ऐकून घ्यायचे आणि मग पेचकस काढायचे.

त्यांना मूलबाळ नव्हतं. घरात अण्णा आणि त्यांची बायको गंगाक्का, दोघंच. अक्कलकोटच्या खालच्या बाजूला गंगाक्कांचं माहेर, त्यामुळे दोघांचं आपसातलं बोलणं कानडीतून. मराठी त्या लग्नानंतर सोलापुरात शिकल्या होत्या. आजार सुरू झाला तेव्हा आधी आमटीतलं मीठ विसरलं, मग गॅस बंद करायचं विसरलं, आणि मग ती मागून आलेली मराठीच पुसून गेली. माझ्याशी इतकी वर्षं मराठीत बोललेली बाई एकाएकी माझ्याकडे परक्या मुलखातला असल्यासारखी बघू लागली.

डॉक्टरांकडे जाताना अण्णांनी मला सोबत नेलं होतं. सगळे कागद बघून झाल्यावर त्यांनी विचारलं, "डॉक्टर, नेमका कुटला जोड सुटलाय?"

डॉक्टरांनी कागद मिटून ठेवले. मग म्हणाले, "एक नाही हो अण्णा. हळूहळू सगळेच सुटणार."



गंगाक्का दिवसभर दाराशी उभ्या राहायच्या. "मनिगे होगूण," म्हणायच्या. म्हणजे घरी जाऊ या. अण्णांनी त्यांना माहेरच्या गावी नेलं. तिथलं घर कधीच पडलं होतं, त्या जागी दुसऱ्या कुणाचा तरी स्लॅब उभा होता. "हे नव्हं म्हणून रडली," अण्णा सांगत होते. "पण वाटेत मोकळ्या माळावर थांबलो तर गप बसली, सर. दोन तास. आभाळाकडं बघत."

तेवढ्यावर त्यांनी एक जुनी शाळेची व्हॅन घेतली. सीटा काढून आत बाज बसवली. बाजेखाली बॅटरी, वर पंखा आणि एक दिवा, टपावर छोटंसं सोलर पॅनल. मी वहीत आकडेमोड करून दाखवली. कडक ऊन असेल तर पंखा रात्रंदिवस चालेल. पण एक दिवस जरी ढगाळ गेला, तर बॅटरी बसेल.

"सोलापुरात ढग कुटनं आणताय, सर?" अण्णा हसले. "टपावर मावतंय तेवढंच बसवलंय."

सांगोल्याजवळ त्यांच्या एका जुन्या गिऱ्हाइकाची डाळिंबाची बाग होती. बागेपलीकडे मोकळा माळ. तिथे दोघं आठ-आठ दिवस जाऊन राहायची. अण्णा पॅनलवरची धूळ ओल्या फडक्यानं पुसायचे. बाभळीच्या एका फांदीची सावली पॅनलवर पडली तरी चार्जिंग निम्म्यावर येतं म्हणून, माळावर एकही झाड नसलेली जागा त्यांनी शोधली होती. गंगाक्का दारात बसून शेळ्या बघायच्या. दोन-तीन महिने बरे गेले.

मे महिन्याच्या सुट्टीत मीही तीन दिवस त्यांच्याबरोबर गेलो. तोवर गंगाक्का इंजिनाच्या आवाजाला भ्यायला लागल्या होत्या. निघताना गोळी देऊन झोपवावं लागे. पहिला दिवस ठीक गेला. संध्याकाळी वावटळ उठली, बागेतली वीज गेली आणि आभाळ भरून आलं. पाऊस मात्र नाही, नुसती घुसमट. दुसऱ्या दिवशी दुपारी पंखा मंदावत मंदावत थांबला.

गंगाक्का घामानं भिजल्या, कण्हू लागल्या. इंजिनावर बॅटरी चार्ज करावी म्हणून अण्णांनी किल्ली फिरवली, तर त्या किंचाळत दाराकडे धावल्या. अण्णांनी इंजिन बंद केलं. गोळी पुढे केली, ती त्यांनी हात मारून उडवली. मग अण्णांनी टपावरचं पॅनल सोडवून खाली घेतलं. एका बाजूनं त्यांनी धरलं, दुसऱ्या बाजूनं मी, आणि आभाळात जरा उजळ दिसेल तिकडे आम्ही ते वळवत राहिलो. मीटरवरचा आकडा हलला नाही.

"काय करू, सर?" अण्णांनी विचारलं.

आकडेमोड माझीच बरोबर निघाली होती. 

तिसऱ्या दिवशी सकाळी लख्ख ऊन पडलं. अण्णा तोंड धुवायला खाली उतरले तेवढ्यात गंगाक्कांनी आतून कडी लावली. परका पुरुष आत नको असं त्या ओरडत होत्या, अण्णांनीच मला सांगितलं. अण्णा बाहेर उन्हात पॅनल तिरपं धरून उभे राहिले. "अण्णा, ठेवा ते टपावर आणि व्हॅनच्या सावलीत बसा," मी म्हणालो.

"सूर्याला सरळ धरलं की पंखा जोरात फिरतो, सर."

तासाभरानं काच थोडी सरकली. "ऊटा आतेन?" गंगाक्का म्हणाल्या.

"जेवलास का, विचारतीय," अण्णांनी मला सांगितलं आणि कानडीत काहीतरी उत्तर दिलं. त्या पुढे बरंच बोलल्या. आवाजात माया होती. काय म्हणाल्या, मी विचारलं. अण्णा माझ्याकडे न बघता एकेक वाक्य सांगत गेले.

"म्हणती, ड्रायव्हर चांगला हाय. उन्हात उभा राहतोय बिचारा." पॅनल जरा वळवलं. "म्हणती, तुझी बायको घरी वाट बघत असंल. तिला किती दिवस एकटी ठेवतोस? जा की घरी."

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"जातो की, म्हणलं."

त्याच पावसाळ्यात गंगाक्का अंथरुणाला खिळल्या आणि गेल्या. मातीला आम्ही शेजारी गेलो होतो. आठवड्यानं मी अण्णांकडे गेलो, तेव्हा ते रिकाम्या कॉटसमोर स्टुलावर बसले होते. मी शेजारी बसलो. तेच बोलू लागले.

"ड्रायव्हरच्याच हातनं खाल्लं तिनं शेवटपर्यंत. दुसरं कुणी चालत नव्हतं. पण रोज विचारायची, आमचे यजमान कधी येणार? पहिल्यांदा मी सांगायचो, अगं मीच की. तर घाबरायची, तोंड फिरवून रडायची. मग सांगणं सोडलं. उद्या येतील म्हणायचो."

त्यांनी दोन्ही तळवे गुडघ्यांवर दाबून धरले होते.

"त्या दिवशी बी विचारलं. उद्या, म्हणलं." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "वाट बघतच गेली की, सर. आन् मी हितंच होतो."