आईनं पाहिलेला वर्ग

परवा आष्ट्याला आमच्या घरी जुन्या कपाटाला पॉलिश चाललं होतं, त्या वासासरशी मला क्राकोव्हमधली आमच्या विद्यापीठाची मध्ययुगातली दगडी इमारत आठवली. मी तिथं शिकत असताना आई मला भेटायला पोलंडला आली होती आणि त्या इमारतीतलं म्युझियम दाखवायला मी तिला नेलं होतं. काचेच्या कपाटांत पितळी यंत्रं होती, पुढच्या जुन्या वर्गात चकाकणारी काळपट लाकडी बाकं होती. सातवीत शाळा सुटलेली माझी आई त्या वर्गाच्या दारात थांबली आणि वाकून बूट काढू लागली. मी तिला अडवलं. "हितं पोरीबी शिकायच्या व्हय गं?" तिनं हळूच विचारलं. "न्हाई आई. शेकडो वर्षं पोरींना आत घेतच नव्हते," एवढं म्हणाले आणि मला रडूच फुटलं. त्याच सकाळी माझा निकाल लागला होता. "आई, मी नापास झाले. मी तुझ्यासंगट घरीच येते." पदरानं माझे डोळे पुसत ती म्हणाली, "आगं, नापास व्हायला तरी वर्गात बसायला लागतंय न्हवं? मला आठवीच्या वर्गात कुनी बसूच दिलं न्हाई." तिथल्या राखणदार बाईंनी आमच्याकडं पाहिलं आणि एका बाकाकडं हात केला. आम्ही दोघी शेजारी शेजारी बसलो, बराच वेळ. आई एकटीच गावी परतली. पुढच्या खेपेला मी पास झाले. आता कुणी माझ्या शिक्षणाचं विचारलं, की आईच पुढं होऊन सांगते, "त्या वर्गात मीबी बसलीया."